गुलाबी हिरा आणि माझं बदललेलं मत

हिरा दुर्मीळ असतो ही व्यापाऱ्यांनी पिकवलेली कंडी आहे, असं मी कालपरवापर्यंत दुकानात ठासून सांगत असे. आमचं घर अचलपुरातलं, पिढीजात सराफीचं. कापसाचा चुकारा हाती आला की गिऱ्हाईक पोत नाहीतर गोफ करून नेतं आणि पेरणीच्या तोंडावर तोच डाग गहाण ठेवायला आणतं. सोन्याची मोड त्याच दिवशी हातात पडते. हिरा विकायला आलेल्या माणसाला मात्र मी खाली मान घालून परत जाताना पाहिलंय. त्यामुळे ‘हिऱ्यात पैसा घालू का?’ असं कोणी विचारलं की माझं उत्तर तयार असे.

पांढऱ्या हिऱ्याबद्दलचं हे मत आजही फारसं हललेलं नाही. गेल्या शतकात डी बीअर्स कंपनीनं माल रोखून धरून भाव सांभाळले, आणि आता तर सुरतेत कारखान्यात हिरे तयार होतात. मला विचार करायला लावलं ते गुलाबी हिऱ्यानं.

मुंबईला बीकेसीच्या हिरे बाजारात ओळखीच्या दलालानं दोन पुड्या उघडल्या. एकीत कारखान्यातला गुलाबी खडा, ठसठशीत, रंग सगळीकडे सारखा. दुसरीत दहा सेंटांच्या, म्हणजे कॅरटच्या दशांशाच्या, आतला खाणीतला. भिंगातून पाहिलं तर रंग सबंध खड्यात नव्हताच. बारीक, एकमेकींना लागून असलेल्या रेघांत साठला होता आणि मधला भाग जवळजवळ पाणीदार. मी बराच वेळ पाहत राहिलो.

पिवळा रंग नायट्रोजनमुळे येतो, निळा बोरॉनमुळे. गुलाबी हिऱ्यात असं बाहेरचं काही आलेलं नसतं. जमिनीच्या पोटात खोलवर प्रचंड दाब पडून स्फटिकाची आतली मांडणीच वाकते आणि त्यातून हा रंग उमटतो. दाब कमी पडला तर रंग नाही, जास्त झाला तर खडा तपकिरी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अर्गाइल खाणीतून 1983 पासून 86 कोटी कॅरटांहून जास्त कच्चा माल निघाला. त्यात तपकिरी ढिगानं होता, गुलाबी एक टक्काही नव्हता. तरी जगातल्या गुलाबी हिऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांवर माल त्या एकाच खाणीचा. नोव्हेंबर 2020 मध्ये ती बंद झाली.

खाण संपते म्हणजे काय, हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना ऑस्ट्रेलियानं सांगायला नको. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची राजधानी म्हणून एलिचपूर, म्हणजे आमचं अचलपूर आहे आणि त्याच सुभ्याच्या वर्णनात वैरागडची हिऱ्याची खाणही आहे. ते वैरागड आता गडचिरोली जिल्ह्यात. तिथे किल्ला उभा आहे, खाण कधीच थांबली. अर्गाइलची बातमी वाचली तेव्हा मला वैरागड आठवलं, आणि हा तुटवडा कोणी गोदामात कुलूप लावून घडवलेला नाही, हे मनोमन पटलं.

भावाचंही तसंच. हैदराबादच्या निजामाकडचा, गोवळकोंड्याचा ‘प्रिन्सी’ हा 34.65 कॅरटांचा गुलाबी हिरा 1960 मध्ये लंडनच्या लिलावात 46,000 पौंडांना गेला. त्याचं नाव बडोद्याच्या गायकवाडांच्या किशोरवयीन राजपुत्रावरून पडलं. 2013 मध्ये न्यूयॉर्कला तोच 3 कोटी 93 लाख डॉलरना विकला गेला. तेव्हाचे पौंड डॉलरमध्ये धरून हिशेब मांडला तर सुमारे तीनशे पट. तेवढ्याच काळात सोनं डॉलरमध्ये चाळीसेक पट वाढलं होतं. हा हिशेब मी पुन्हा करून पाहिला. पिढीजात सराफाला तो सहजी पचत नाही.

म्हणून ‘कंडी’ हा शब्द मी गुलाबी हिऱ्यापुरता मागे घेतला आहे. तरीही माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना मी तो घेऊ देणार नाही. ‘प्रिन्सी’ हा एकटा दगड होता आणि त्याच्यासाठी बोली लावणारे जगभरातून जमले होते. दहा सेंटांच्या खड्याला असं कोण जमणार? सोन्यासारखा त्याचा रोजचा भाव निघत नाही. दागिन्यावर भरलेला 3 टक्के जीएसटी परत येत नाही, दलाली वेगळी. आणि रंग निसर्गाचा की किरणांचा मारा करून आणलेला, हे अचलपुरात बसून मलाही सांगता येत नाही. प्रयोगशाळेचा कागदच लागतो.

मध्यंतरी परतवाड्याच्या एका संत्रा बागायतदाराची मुलगी आली. पुण्यात नोकरीला आहे. म्हणाली, “काका, बाबा म्हणतात सोनंच घे. मले गुलाबी हिरा घ्यायचा आहे.” पूर्वी मी तिच्या बाबांचीच री ओढली असती. या वेळी तिला विचारलं, “हा पैसा वीस वर्षं लागणार नाही असा आहे का? बागेचं कर्ज, भावाचं शिक्षण, घराचा हप्ता, सगळं सोडून?” ती थोडं थांबली आणि म्हणाली, “त्यातला अर्धा आहे.”

तेवढ्याचाच बघू म्हटलं, पण आधी कागद, मग खडा. कागदावर रंगाचा उगम नैसर्गिक असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि विकणाऱ्यानं परत घ्यायचा भाव आजच लेखी द्यायला हवा. कोणी असा भाव लिहून देतो का, ते विचारायला ती पुढच्या महिन्यात मुंबईला जाणार आहे. मीही सोबत जाणार आहे.