लग्नपत्रिकेचं बजेट

लग्नाच्या खर्चात पत्रिका म्हणजे चिल्लर, असं सगळेच म्हणतात. हॉल, जेवण, सोनं यांच्यापुढे असेलही. पण पांढरकवड्याला बहिणीच्या लग्नाची यादी करायला बसलो आणि आकडा निघाला ७०० पत्रिका, २० रुपयाला एक. म्हणजे १४,००० रुपये! वाटपाचं पेट्रोल वेगळंच, कारण आमचे बरेच पाहुणे पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडचे.

सवयीप्रमाणे मी एक्सेल उघडलं. (सॉफ्टवेअरवाल्याला दुसरं येतं काय? :))

पहिली गोष्ट कळली ती छपाईची. ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावायचा खर्च ५० छापा की ५००, तेवढाच. म्हणून संख्या निम्मी केली तरी बिल निम्मं होत नाही. खरी बचत रंग, कागद आणि पाकीट साधं घेतल्यावर. रेडिमेड पत्रिकेवर एका रंगात मजकूर छापला तर १२ रुपयांत काम होत होतं. आणि नावं! निमंत्रक, विनीत, शेवटी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' वाली किलबिल... नावं वाढली की पान वाढतं. पण नावं कापणं एक्सेलचं काम नव्हे, तिथे आईच लागते.

मग सगळ्यांनाच व्हॉट्सॲप करू, असं मी सुचवलं. बाबा शांतपणे म्हणाले, "२०१७ साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, तवा ज्याईनं न मागता पैसे देल्ले, त्याईले मोबाइलवर पत्रिका पाठवशीन?"

यावर काय बोलणार? एक्सेलमध्ये नवा कॉलम आला: 'घरी जाऊन'. त्यात म्हातारी माणसं, साधा फोन असणारे आणि अडीअडचणीला धावलेले. झाली २५० नावं. पहिली पत्रिका अर्थात केळापूरच्या जगदंबेला.

उरलेल्या ४५० जणांना मोबाइलवर. इथे मात्र सावध राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेली 'लग्नपत्रिका' उघडली आणि खात्यातून जवळपास १ लाख ९० हजार गेले. ती पत्रिका नव्हतीच, एपीके फाइल होती, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी. पत्रिका हा फोटो किंवा पीडीएफच असतो, हे घरच्यांना आवर्जून सांगा. आम्ही तर आधी फोन करायचा, मगच पत्रिका पाठवायची असं ठरवलं.

हिशोब असा: छपाई ३,००० रुपये, बचत ११,०००. वेळ मात्र काही वाचला नाही. २५० घरं आणि ४५० फोन. पण आमंत्रण त्यालाच म्हणत असावेत.