खेळ थांबल्यावर पुढं काय?

आज पिकाचं नाही, पोरींच्या खेळाचं लिहितोय.

आमच्या भावकीतली एक पोरगी खो-खो चांगली खेळते. यंदा दहावी. घरचे म्हणतात, आता बास, पळून काय पोट भरतं का?

त्यांना मी सारिका काळेचं सांगितलं. आपल्या जिल्ह्याची लेक, घरची परिस्थिती बेताची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींची कर्णधार होती, सुवर्णपदक आणलं. २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण मला मोठं वाटतं ते पुढचं. तुळजापूरला क्रीडा अधिकारी होऊन ती खेळातच राहिली.

खो-खोत पळायची वर्षं थोडीच. तिशीच्या आसपास गुडघे बोलायला लागतात. पण खांबाजवळ सूर कसा मारायचा, हुलकावणी कशी द्यायची, हे पुस्तकातून येत नाही. खेळलेल्या माणसानंच शिकवावं लागतं. सोयाबीनचं चांगलं बियाणं आपण घरी राखतो, सगळं बाजारात नेत नाही. जुना खेळाडू म्हणजे गावाचं राखलेलं बियाणंच.

जानेवारी २०२५ ला भारताच्या मुलींनी पहिला विश्वचषक जिंकला. त्यातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

पोरी खेळत असतील तर दोन गोष्टी करा. स्पर्धांची प्रमाणपत्रं सातबाऱ्यासारखी जपून ठेवा. सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. आणि गावात कुणी जुनी खेळाडू सासरी आली असेल, तर तिला मैदानावर बोलवा.