मोरेच्या पठारावर

मनालीहून लेहकडे जाणारा मार्ग सुमारें सव्वाचारशें किलोमीटर लांबीचा असून, वर्षांतील कित्येक महिने तो बर्फाखालीं गाडलेला असतो. रोहतांग खिंडीखालून खोदलेला सुमारें नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा ता. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाल्यापासून प्रवाशाची पहिली मोठी चढण वांचली. बोगद्यांतून बाहेर पडतांच देवदारांची हिरवी छाया मागें राहते आणि लाहौलचा रूक्ष प्रदेश सुरू होतो. तांडी येथें चंद्रा व भागा या दोन नद्यांचा संगम आहे. त्यांचीच पुढें चंद्रभागा अथवा चिनाब होते. वेदकाळीं हिलाच असिक्नी म्हणत. तांडीच्या पेट्रोलपंपाजवळ ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर’ अशा अर्थाचा एक फलक पुष्कळ वर्षें प्रसिद्ध होता. तो वाचून मनुष्य प्रथम इंधनाचा हिशेब करी. परंतु या मार्गावर इंधनाइतकाच दुसरा एक हिशेब करावा लागतो, आणि त्याचीच हकीगत येथें सांगावयाची आहे.

बारालाच्याची खिंड ओलांडल्यावर सरचू लागतें. तेथून पुढें गाटा येथील एकवीस वळणें चढून, नकी व लाचुलुंग या दोन खिंडी पार करून रस्ता पांगला उतरतो. पांग म्हणजे उन्हाळ्यांतील तंबूंची वस्ती. तेथें डाळभात व चहा मिळतो. पांगच्या पुढें एक चढण संपली कीं एकाएकीं डोंगर दोन्ही बाजूंस सरकतात आणि सुमारें चाळीस किलोमीटर लांबीचें सपाट मैदान समोर उघडतें. हेंच मोरेचें पठार होय. समुद्रसपाटीपासून याची उंची सुमारें ४,७०० मीटर. झाड नाहीं, झुडूप नाहीं. दूरवर चांगपा लोकांचे काळे तंबू व पश्मिना बकऱ्यांचे कळप दिसले तर दिसले. दुपार उलटली कीं वारा असा सुटतो, कीं शेजाऱ्याशीं बोलावयाचें तरी ओरडावें लागतें. मला तर शेजारीही नव्हता.

या पठाराच्या मध्यावर, दुपारीं तीनच्या सुमारास, माझ्या मोटारसायकलीच्या मागच्या चाकांतील हवा गेली. पुढें ५,३०० मीटरांहून उंच अशी तांगलांग खिंड उभी होती, आणि सूर्य कलल्यावर तेथील थंडी हाडांत शिरते. भरल्या गाडीचें वजन दोनशें किलोंच्या घरांत. ती ढकलीत नेणें त्या विरळ हवेंत अशक्य. जें करावयाचें तें तेथेंच, एकट्यानें, उजेड आहे तोंवर करणें प्राप्त होतें.

आतां सामग्रीचें सांगतो. आसाच्या दोन्ही टोकांस बसणारे दोन पाने, त्यांतला एक हातभर लांब दांड्याचा, ब्रेकच्या सळईस व चेन ताणण्याच्या स्क्रूंस लागणारे लहान पाने, एक पक्कड, लांकडी मुठीची हातोडी, टायर काढण्याच्या तीन लोखंडी पट्ट्या, हातपंप, ठिगळें, कानस व सोल्यूशन, एक नवी ट्यूब, थोडें वंगण, दोन नव्या दुपेडी पिना, बळकट दोरी, आणि वीतभर रुंदीची एक जाड फळी. यांतील शेवटच्या दोन वस्तू दुकानदार कधीं सुचवीत नाहीं. पण एकट्या मनुष्याचा तिसरा व चौथा हात म्हणजे दोरी आणि फळी.

पहिला नियम असा, कीं आसाची नट चाक जमिनीवर असतांनाच सैल करावी. गाडी मधल्या स्टँडवर चढवून मग पान्यावर भार टाकला, तर ती स्टँडवरून घसरून अंगावर येण्याची भीति असते. नट सैल झाल्यावर स्टँडखालीं फळी घालून गाडी वर घेतली. फळीमुळें स्टँड रेतींत रुतत नाहीं, शिवाय चाक बाहेर काढण्यास बोटभर अधिक जागा मिळते. नंतर ब्रेकची सळई व ब्रेकचें ताट धरून ठेवणारा दांडा सोडविला. चेनचे स्क्रू दोन्ही बाजूंस मोजून सारखेच फेरे सैल केले, चाक पुढें सारलें आणि चेन दांतेचक्रावरून उतरविली. मग रस्त्याच्या कडेचे चपटे दगड चाकाखालीं असे रचले, कीं चाक त्यांवर नुसतें टेकावें. याचा लाभ दुहेरी आहे. आस ओढतांना चाक खालीं आदळत नाहीं, आणि परत बसवितांना योग्य उंची आयतीच सिद्ध असते. आस ठोकतांना नट टोकाशीं लावून ठेवावी, म्हणजे आटे चेंबत नाहींत. निघालेली प्रत्येक कडी व नळी ज्या क्रमानें निघाली त्याच क्रमानें फडक्यावर मांडली आणि वाऱ्यानें फडकें उडूं नये म्हणून त्यावर पाने ठेवले.

टायरमध्यें एक तुटका खिळा होता. तो न शोधतां नवी ट्यूब घालणें म्हणजे दोन मैलांवर पुनः बसकण मारणें होय. म्हणून आंतून बोटें फिरवून पाहणें कधीं टाळूं नये, मात्र तें हळू हातानें करावें. ट्यूब बसवून पंप मारूं लागलों, तेव्हां पठाराची उंची खरी कळली. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें पंचावन्न ते साठ टक्के. पंपाच्या प्रत्येक फेऱ्यांत हवाही तितकीच कमी शिरते, आणि घरीं शंभर फेऱ्यांत होणारें काम तेथें पावणेदोनशें फेरे मागतें. वीस फेरे मारावे, बसावें, श्वास जमवावा, पुनः उठावें, असें चाललें होतें.

परत बसविण्याचें काम काढण्याहून कठीण. चाक दगडांवर ठेवलें, ब्रेकचें ताट आंत बसविलें, चेन चढविली, परंतु आसाचीं छिद्रें केंसभर जुळेनात. तेव्हां लांब लोखंडी पट्टी चाकाखालीं घालून तिच्या टोकावर टांचेनें भार दिला. चाक हळूहळू उचललें, आणि दोन्ही हात मोकळे असल्यामुळें वंगण लावलेला आस सरळ आंत गेला. चेनचे स्क्रू पूर्वींइतकेच फेरे आंवळले आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत हें पाहिलें. आसाची नट शेवटची आंवळतांना ब्रेक दाबलेला असावा लागतो, म्हणजे ब्रेकचें ताट मध्यावर बसतें. हात तर पान्यावर गुंतलेले. म्हणून ब्रेकचें पेडल दोरीनें खालीं बांधून टाकलें. ताटाचा दांडा विसरला, तर पहिल्याच ब्रेकास ताट चाकाबरोबर फिरूं लागेल आणि स्वाराचा प्राण जाईल. तो दांडा आंवळून, नवी पिन घालून, ती वांकवून, दोनदां हातानें चांचपली. या वेळीं एक मालमोटार थांबली. चालकानें पाणी दिलें, चाक हालवून पाहिलें, मान डोलावली आणि तो निघून गेला.

संस्कृतांत चाकाच्या अंगांस नाभि, अर, नेमि अशीं नांवें आहेत. चाक आसावरून निसटूं नये म्हणून जी लहान खीळ घालीत, तिला ‘आणि’ म्हणत. रथाचा डौल ध्वजावरून दिसे, पण रथ्याचा जीव त्या खिळीवर असे. माझ्या दुपेडी पिनेचें कार्य निराळें नव्हतें.

साडेपांचास निघालों. पहिली शंभर पावलें सावकाश जाऊन ब्रेक पाहिला, आणि वीस किलोमीटरांवर सर्व नटा पुनः तपासल्या. तांगलांगच्या माथ्यावर संधिप्रकाश होता. दुसरे दिवशीं उपशी येथें सिंधु दिसली.

आमच्या पुण्या-मुंबईकडील अनेक तरुण हल्लीं या मार्गानें जातात. घरांतील वडीलमंडळींनीं त्यांस अडवूं नये. मात्र निघण्यापूर्वीं एका रविवारीं, स्वतःच्याच अंगणांत, कोणाचाही हात न लावतां मागचें चाक काढून परत बसविण्यास सांगावें, आणि तें काम पुरें होईपर्यंत त्यास जेवावयास हांक मारूं नये.