हे खरे आहे काय?

विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाचा पहिला भाग 'हे खरे आहे काय' असा संपतो आणि दुसरा 'असल्यास' असा सुरू होतो. या दोहोंच्या मधल्या जागेत मंत्रालयातल्या अधिकाऱ्याची बरीचशी नोकरी जाते.

सहायक कक्ष अधिकारी म्हणून रुजू होणाऱ्याच्या टेबलावर पहिल्याच अधिवेशनात असा प्रश्न येऊन पडतो. कुठल्याशा तालुक्यातल्या साठवण तलावाची गळती, आश्रमशाळेतले निकृष्ट धान्य. खरेखोटे त्याला ठाऊक नसते. ते जिल्ह्याला ठाऊक असते, आणि जिल्हा फोन उचलत नाही. माहिती येते ती संध्याकाळी, तीही अर्धवट. मग 'हे अंशतः खरे आहे' हे वाक्य कामी येते. बाहेरच्याला ती पळवाट वाटते. पुष्कळदा असतेही, पण तलाव गळतो आहे आणि सदस्यांनी दिलेली तारीख तेवढी चुकली आहे, अशा वेळी याहून नेमके वाक्य सापडत नाही.

कक्ष अधिकारी झाल्यावर मसुद्यापेक्षा पूरक टिप्पणीची काळजी वाढते. छापील उत्तर सोपे. सभागृहात उठणारे उपप्रश्न अवघड. विधानसभेतल्या २८८ आणि विधान परिषदेतल्या ७८ सदस्यांपैकी कोण कुठे बोट ठेवील, हा अंदाज नियमपुस्तिका शिकवत नाही. पुढे अवर सचिव, उपसचिव होऊन तो अधिकारी सभागृहाच्या दीर्घेत बसतो. तिथून बोलता येत नाही. मंत्र्यांच्या तोंडून चुकीचा आकडा गेला तर चिठ्ठी पाठवायची, एवढेच हाती.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी हा सगळा बारदाना नागपूरला हलतो. १९५३ च्या नागपूर कराराची ही देणगी. फायली, संगणक, माणसे मुंबईहून जातात आणि ऐन थंडीत कार्यालयांचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात. लक्षवेधी सूचना कधी लागेल, याचा नेम नसतो.

बोलण्याच्या भरात मंत्री 'तपासून कारवाई करू' म्हणाले, की त्याचे आश्वासन होते. त्याची नोंद आश्वासन समितीकडे जाते आणि पूर्ततेचे काम फिरून त्याच कक्षात येते. कारवाईला निधी लागतो, निधीला वित्त विभागाची संमती. तोवर मंत्री बदललेले असतात.

अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. कार्यभार सोपवताना कपाटाच्या चाव्यांबरोबर प्रलंबित आश्वासनांची यादीही द्यावी लागते.