रिकामा खण

संगणकावर लिहिण्याचा अधिकार माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तराला नाही, हे मला मान्य आहे. पण त्याने एकदा माझी फजिती केली, तेवढ्या भांडवलावर हे धाडस करतो.

2005 साली लातुरात एका मित्राच्या संगणकावर मी माझी पहिली कादंबरी स्वतः टंकली आणि सीडी घेऊन नांदेडला अण्णांकडे आलो. त्यांना ती कागदावर वाचायची होती. बाजारातल्या एका दुकानात पहिली पाने छापून निघाली आणि मी गारच झालो! ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी यायची ती नंतर आलेली, जोडाक्षरांचे सांधे निखळलेले.

"सर, तुमची सीडीच खराब दिसते," दुकानदार म्हणाला.

सीडी निर्दोष होती. कोणताही प्रोग्राम सगळा संसार पाठीवर घेऊन उठत नाही, हे मला पुढे कळले. स्मृतीत जागा थोडी. विंडोज एक्सपीला 64 मेगाबाइटांतही भागवावे लागे. म्हणून पुष्कळशी कामे 'डीएलएल' नावाच्या फायलींत डिस्कवर पडून असतात. गरज पडली की ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी फाइल स्मृतीत चढवते आणि तिच्यातले हवे ते काम कोठे आहे, त्याचा पत्ता प्रोग्रामला देते. काही फायलींची यादी प्रोग्राम आरंभीच पुढे करतो. त्यांतली एक नसली तर तो सुरूच होत नाही. हा आपला सरळ माणूस! बाकीच्या ऐनवेळी मागवल्या जातात. तिथे उणीव असली तरी प्रोग्राम हसतमुखाने उघडतो, आणि मराठी ओळ आली की उघडा पडतो. देवनागरी जोडण्याची सोय एक्सपीत मुद्दाम बसवावी लागे. कंट्रोल पॅनलात खूण करायची आणि विंडोजची मूळ सीडी घालायची. दुकानात ती सीडी नव्हती.

अण्णांची सारी हयात छापखान्यात जुळारी म्हणून गेलेली. मी ओशाळून पाने पुढे केली. त्यांनी चष्मा सारखा केला.

"खण रिकामा असंल रे," ते म्हणाले. "ज्ञ संपलाय हे केस बघून कुठं कळतं? हात घातल्यावरच कळतं."

आणि पेन्सिल मागून त्यांनी एकेक वेलांटी जागेवर न्यायला सुरुवात केली.

पुढच्या खेपेला मी लातूरहून स्वच्छ प्रत छापून आणली. ती त्यांनी कपाटात ठेवली. उशाशी जुनीच राहिली. अजून चाळीस पाने तपासायची होती.