नवी मोटार

आमच्या घरी मोटार आली ती १९७८ साली. त्या काळी पैसे हाती असले तरी गाडी हाती येत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सहा वर्षे वाट पाहिली होती. पुण्यातील आमच्या दारात ती पांढरी गाडी उभी राहिली तेव्हा आईने तिला हळदकुंकू वाहिले, चाकांखाली लिंबे ठेवली. आणि तात्यांनी मागच्या काचेवर एक कागद चिकटविला. त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘नवी गाडी. कृपया पुढे जावे.’

नवे इंजिन प्रारंभी बेताने चालवावे लागते, हे मला त्या कागदामुळे कळले. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत प्रत्येक गिअरची वेगमर्यादा दिली होती. तात्यांनी ती तोंडपाठ केली आणि तीतूनही हातचे दहा राखून ते गाडी हाकू लागले. काटा चाळिसापुढे जाऊ द्यायचा नाही आणि इंजिनाचा आवाज चढू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. एस. टी. तर सोडाच, उसाने लादलेल्या मालमोटारीही आम्हांला मागे टाकून जात. मी शरमेने मान खाली घाली. तात्या मात्र प्रसन्न असत. कात्रजचा घाट चढतानाही ते वरचा गिअर सोडीत नसत. गिअर उतरविला की इंजिन गर्जे, आणि ती गर्जना त्यांना तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखी असह्य होई. गाडी बिचारी थरथरत, धापा टाकीत वर जाई.

दोन महिन्यांनी मागच्या नळीतून निळसर धूर दिसू लागला. तेल मोजण्याची पट्टी रोज थोडी थोडी खाली जाई. तात्यांची झोप उडाली. त्यांच्या आयुष्याची सारी शिल्लक त्या गाडीत होती.

मिस्त्रींनी विचारले, “साहेब, गाडी फार पळवलीत का?”

“चाळीसच्या वर एकदाही नेली नाही,” तात्या दुखावून म्हणाले.

“तेच झालं. सपाटीवर तिला काम दिलं नाहीत, आणि घाटात तिचा दम कोंडलात.”

त्यांनी आम्हांला दुसऱ्या एका उघडलेल्या इंजिनाचा सिलिंडर दाखविला. त्याच्या आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा होत्या. त्या कारखान्यात मुद्दाम पाडलेल्या असतात. पिस्टनभोवतीच्या रिंगा त्यांवर घासतात, रेघांचे उंचवटे झिजतात, रिंगा भिंतीशी चपखल बसतात आणि उरलेल्या खाचांत तेल टिकून राहते. पण हे घडण्यासाठी जळत्या वायूने रिंगांना भिंतीवर चांगले दाबावे लागते. तो दाब कमी पडला तर रिंगा नीट बसत नाहीत, तेल वर निसटून जळते आणि भिंतीवर काचेसारखी झिलई चढते. मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसते. (आजची इंजिने अधिक सफाईने घडविलेली असतात; तरीही पहिले हजारेक किलोमीटर एकाच वेगाने सतत जाऊ नये, असे पुस्तिकांतून सांगितलेले असते.)

“अजून वेळ गेलेली नाही,” मिस्त्री म्हणाले. “घाट खालच्या गिअरात चढवा. जोर द्या, मग पाय काढून वेग उतरू द्या. पुन्हा जोर द्या. भिऊ नका.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघेच कात्रजला गेलो. पहाटेचा गारवा होता, तरी तात्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी गिअर उतरविला, पाय दाबला. इंजिन गर्जले.

“ऐकवत नाही रे,” ते म्हणाले. पण त्यांनी पाय काढला नाही. बोगद्यापाशी पोहोचल्यावर ते खाली उतरले आणि गाडीच्या तापलेल्या टपणावर कितीतरी वेळ तळहात ठेवून उभे राहिले.

असे पाचसहा रविवार गेले. धूर विरळ होत होत दिसेनासा झाला. तात्या तरीही रोज सकाळी पट्टी पुसून तेल पाहत आणि वहीत टिपून ठेवीत. ती नोंद सलग आठ दिवस तीच राहिली. नवव्या दिवशी शाळेतून आलो तो मागच्या काचेवर कागद नव्हता. खळीचे चार ठिपके तेवढे राहिले होते, आणि आई ते ओल्या फडक्याने पुसत होती.