काळीवरची घरे

वर्धा जिल्ह्यातील ज्या काळ्या मातीने कपाशीचे वैभव उभे केले, तीच घराच्या पायाला मात्र दगा देते. कारण पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, वैशाखात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगांनी दुभंगते, आणि तिच्यावर विसंबलेली भिंत कोपऱ्याकोपऱ्यातून तडकते. म्हणून मालगुजारी अमदानीतील जाणते गवंडी काळी उपसून मुरूम लागेपर्यंत खाली उतरत, तेथून दगडाचे जोते वर आणीत आणि मगच भिंतीला हात घालीत. भिंतीची माती शेतातून नव्हे, गावठाणाच्या पांढरीतून येई. जेथे पिढ्यान्‌पिढ्या घरे वसली आणि ढासळली, तेथली ती राखेने-शेणाने मुरलेली फिकी माती काळीसारखी फुगत नाही; पूर्वजांच्या पडलेल्या भिंतीच अशा रीतीने नातवंडांच्या घरात पुन्हा उभ्या राहत, याचे मला नेहमीच अपार समाधान वाटत आले आहे. कुटार घालून भिजवलेला चिखल पायांनी तुडवायचा, थर रचायचा, आणि तो सुकल्यावाचून दुसरा चढवायचा नाही; घाई केली की ओली भिंत आपल्याच भाराने पोट काढते.

याच जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास आले. तेथील मालगुजार जमनालाल बजाज. त्यांनी मनात आणले असते तर चुनेगच्ची इमारत सहज उठली असती. परंतु सामान आसपासचे आणि कारागीर गावचेच असावेत, हा गांधीजींचा आग्रह होता, आणि म्हणून तेथे माती, बांबू व कवेलू यांचीच घरे झाली. गांधीजींची बापू कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेनची. तिच्या भिंतीवर मातीच्याच उठावात ताडाची झाडे आणि चरखा आहे. भिंतीतूनच उगवल्यासारखी ती झाडे जवळून पाहिली, म्हणजे मातीला दारिद्र्याचे लक्षण मानणे किती अन्यायाचे आहे, हे उमगते.

अलीकडे अशा भिंतींवर मजबुतीच्या भाबड्या आशेने सिमेंटचा गिलावा चढवितात. त्याने बाहेर पडू पाहणारी ओल आत कोंडते, जोत्यालगतची माती भुसभुशीत होते, आणि वरचे कवच अखंड दिसत असतानाच आतली भिंत खचत जाते. ज्यांच्या घरी जुनी भिंत उभी आहे, त्यांनी दर पावसाळ्यानंतर तिला पांढऱ्या मातीचा पोतारा द्यावा, आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढावे.